ताईला न्यायला

आमच्याकडे माहेरी आलेली लेक आपली आपण सासरी परत जात नाही. तिला न्यायला कुणीतरी यावं लागतं. नवरा, दीर, सासरा, अगदीच कुणी नसलं तर चुलतदीर, पण सासरचं माणूस दारात उभं राहिलं पाहिजे. ते माणूस पाणी पितं, जेवतं, मग आई लेकीची ओटी भरते आणि लेक त्याच्यामागून जिना उतरते. साताऱ्याकडची ही रीत आमच्या लोकांनी नवी मुंबईत येताना भांड्याकुंड्यांबरोबर आणली. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत तर ती गावापेक्षा कडक पाळली जायची, कारण इथे सगळ्यांच्या गॅलऱ्या समोरासमोर. कोणाला न्यायला कोण आलं आणि कोण आलंच नाही, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगींना ठाऊक असायचं.

माझ्या ताईचा संसार या रीतीपायी मोडला असं आमच्या घरात अजून म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. उरलेला अर्धा दाजींच्या विचारांपायी मोडला, आणि त्या विचारांशी भांडायला मी आजही कंबर कसून उभी राहते, कारण ते वाईट नव्हते. वाईट असते तर दोन शिव्या हासडून मी कधीच मोकळी झाले असते.

आबा, म्हणजे आमचे वडील, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पाठीवर गोणी आणि डोक्यात गाव, असं त्यांचं आयुष्य. ताई बारावीपर्यंत शिकून घरी बसलेली आणि मी नुकतीच वाशीच्या कॉलेजात जायला लागलेली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. ताईला स्थळ आलं ते कराडकडचं. मुलगा बी. एस्सी., पावणे एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लॅबमध्ये कामाला, नेरूळला स्वतःचं वन-रूम किचन. त्याच्या नखांत कायम कुठलातरी रंग अडकलेला असायचा. कधी निळा, कधी लाल. मी पहिल्याच भेटीत त्यावरून टिंगल केली आणि तो माणूस मनापासून हसला. तेव्हापासून ते माझे लाडके दाजी झाले.

बघण्याच्या कार्यक्रमात पोहे संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, मुलीशी थोडं एकटं बोलता येईल का? आमच्या आत्याने पदर तोंडाला लावला तो ते परत आत येईपर्यंत काढला नाही. गॅलरीत उभं राहून ते ताईला म्हणाले, तुम्हाला हे लग्न खरंच करायचं असेल तरच करू. नको असेल तर नकार मी कळवतो, तुमच्यावर बोल येणार नाही. ताईने नंतर हे मला सांगितलं. तिला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. पुढे शिकायचं का, हेसुद्धा नाही. त्या एका प्रश्नावर ती त्यांच्यावर जीव टाकून बसली.

दाजींच्या अशा वागण्यामागे एक विचार होता. वाशीला एका रिटायर मास्तरांच्या घरी रविवारी सकाळी मोजकी माणसं जमायची, वाचायची, वाद घालायची. तिथून त्यांनी ‘स्वेच्छावाद’ हा शब्द उचलला होता. मी विचारलं, हा कुठला नवीन देव? ते म्हणाले, देव नाही, साधी गोष्ट आहे. माणसामाणसांत जे काही होईल ते दोघांच्या राजीखुशीने व्हावं. सरकारने लादायचं नाही, सोसायटीने लादायचं नाही, बापाने नाही आणि नवऱ्याने तर नाहीच. हात उगारला तरच जबरदस्ती होते असंही नाही. रुसणं, रडणं, चारचौघांत मान खाली घालायला लावणं, हीसुद्धा जबरदस्तीच. मी म्हटलं, मग आमच्या घरी सकाळी उठल्यापासून जबरदस्तीच चालते. ते म्हणाले, सगळ्यांच्याच घरी चालते.

हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या एका काकांनी शेवगा लावला होता. तो वाढून पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकला आणि पावसाळ्यात त्यावरचे सुरवंट त्या घरात चालत यायला लागले. पाळण्यातल्या बाळाच्या अंगावर पित्तासारखे चट्टे उठले. बाळाची आजी झाड तोडा म्हणून हटून बसली आणि काका म्हणाले, झाडाला हात लावून दाखवाच. कमिटीने मतदान घेऊन झाड पाडायचं ठरवलं होतं. दाजींनी मतदानाला विरोध केला. बहुमताने पाडलं तर झाड जाईल पण भांडण इथेच राहील, असं त्यांचं म्हणणं. ते कारखान्यातून आले की आधी काकांकडे बसायचे, मग आजींकडे. कुणाला हे कर ते कर म्हणायचे नाहीत. फक्त विचारायचे, तुम्हाला नक्की काय हवंय? कित्येक दिवस असं चाललं, लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. शेवटी एका सकाळी काकांनी स्वतः कोयता घेऊन खिडकीकडच्या फांद्या उतरवल्या आणि आजींकडे शेंगा पोचवल्या. मला तेव्हा दाजींचा केवढा अभिमान वाटला. कॉलेजात मी तो किस्सा रंगवून सांगायची.

पहिलं वर्षभर ताई हवेत होती. तिला माहेरी यायला परवानगी लागायची नाही, पैसे मागावे लागायचे नाहीत, कपाळाला टिकली आहे की नाही हे कुणी बघायचं नाही. वसाहतीतल्या तिच्या मैत्रिणींना ती परीकथाच वाटायची. नवऱ्याला अहो म्हणू की अरे म्हणू, असं तिने लाजत विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, तुला जे म्हणावंसं वाटेल ते. ती अहोच म्हणत राहिली. मला म्हणाली, त्यांनी एकदा अरे म्हण म्हटलं असतं ना, तर म्हटलं असतं.

मग हळूहळू तिच्या बोलण्यात हे वारंवार यायला लागलं. भाजी कुठली करू? तुला आवडेल ती. दिवाळीला गावी जायचं का? तुझी मर्जी. ही साडी बरी दिसते का? तुला बरी वाटते ना, मग झालं. मी हसायची. म्हणायची, तायडे, सुख बोचतंय तुला. ती म्हणायची, अगं, आपल्या असण्या-नसण्याने समोरच्याला फरक पडतो की नाही हे कळायला नको का? त्या वयात मला त्यातलं काही उमगलं नाही.

लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात ताईला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात पोट पडलं. दाजींनी तिचं सगळं केलं. हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसले, घरी आल्यावर तिला उठू दिलं नाही, स्वतः भाकऱ्या थापल्या. पण त्या बाळाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. आपण दुःख दाखवलं तर तिला वाटेल की तिचं काही चुकलं, पुन्हा लवकर दिवस राहावेत असं तिच्यावर दडपण येईल, असा त्यांचा हिशोब होता. हे त्यांनी मला पुढे सांगितलं. ताईला फक्त एवढंच दिसलं, की हा माणूस रडला नाही.

बरी झाल्यावर तिने त्यांना विचारलं, पुन्हा मूल हवं का? ते म्हणाले, ते तू ठरव, शरीर तुझं आहे, त्रास तुला होणार. ती म्हणाली, मला माहीत आहे शरीर माझं आहे, तुम्हाला काय हवंय ते सांगा. ते म्हणाले, मी सांगितलं तर तू माझ्यासाठी हो म्हणशील. तिने पुन्हा विचारलं. ते गप्प बसले. ताईने रात्रीचं जेवण वाढलं, सकाळी त्यांचा डबा भरला, ते कारखान्यात गेल्यावर पिशवी भरली आणि कोपरखैरण्याला आली. आईला म्हणाली, चार दिवस राहते. मला म्हणाली, “ते न्यायला आले की लगेच जाईन. एकदा येऊ दे फक्त.”

ते आले नाहीत. आठवड्याने एकदा खालच्या वाण्याकडे त्यांचा फोन यायचा. वाण्याचा पोरगा जिन्यातून हाक मारायचा, ताई धावत खाली जायची आणि सावकाश वर यायची. काय म्हणाले? तब्येत विचारली. आणखी काय? दार उघडंच आहे म्हणाले, तुला वाटेल तेव्हा ये.

आमच्या घरी ‘वाटेल तेव्हा ये’ याचा अर्थ ‘नाही आलीस तरी चालेल’ असाच होत होता. आबा मार्केटातून येऊन पाठ शेकत बसलेले असताना आईने एकदा विषय काढला, की आता पोरीला आपणच पाठवू या. आबा चिडले नाहीत, समजावल्यासारखं बोलले.

“आपली आपण गेली तर उद्या आपली आपण घराभाईर काढत्याल. हिच्या मागं मान्सं हायत, हे त्यांस्नी दिसाय नगं? न्यायाला या म्हनावं. मी काय सोनं मागतोय व्हय?”

आबांचाही राग येईना, ही माझी पंचाईत. गावाकडे त्यांच्या एका चुलतबहिणीला कुणी विचारणारं नव्हतं, ती अशीच एकटी परत गेली होती आणि तिचे काय हाल झाले ते त्यांनी पाहिलेलं. त्या रीतीत त्यांच्या लेखी लेकीची राखण होती.

शेवटी मीच कॉलेज बुडवून पावण्याला गेले. कारखान्यांच्या त्या पट्ट्यात नाकाला झोंबणारा वास भरून राहिलेला असायचा आणि गटाराचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं. दाजी गेटबाहेर आले, आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. ते वाळले होते. मी काहीही गोडधोड न बोलता विचारलं, तुम्ही ताईला न्यायला का येत नाही?

त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि मला स्वतःच्या आईचं सांगितलं. त्यांचे वडील तापट. आई मार खाऊन माहेरी जायची आणि मग तिला न्यायला आजोबा आणि चुलते जायचे, बरोबर दाजींना घ्यायचे, कारण पोराचं तोंड बघितल्यावर ती नाही म्हणायची नाही. तिथे जेवणं व्हायची, ओटी भरली जायची, आई खाली मान घालून निघायची. घरी आल्यावर चुलते गावात सांगायचे, आली की राजीखुशीने. दाजी म्हणाले, “न्यायला आलेल्या माणसाला बाई नाही म्हणू शकत नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि त्यात माझाही हात होता.”

मी म्हटलं, पण दाजी, ताईला कुणी मारलेलं नाही, तिला यायचंच आहे. ते म्हणाले, मग येऊ दे की, मी रोज वाट बघतोय. मी म्हटलं, तुम्ही आल्याशिवाय आबा पाठवणार नाहीत. त्यावर ते कसनुसं हसले. “बघ, म्हणजे मी आलो की आबा पाठवणार. आई ओटी भरणार, शेजारचे गॅलरीत येणार. त्यात तिला काय हवंय हे कुणाला कळणार? मला तरी कसं कळणार?”

मला त्यांच्याशी भांडता आलं नाही. बसमध्ये मला रडू आलं, आणि दाजींची दया येत होती की राग, हे ठरेना. घरी येऊन मी ताईला जिन्यात गाठून सगळं सांगितलं, त्यांच्या आईचंही. ती म्हणाली, “मला नाही म्हणायचंच नव्हतं गं. नाही म्हणायची सोय कुणी मागितली होती त्यांच्याकडे?”

दिवाळी आली आणि गेली. पाडव्याला ताईने सकाळी अंघोळ करून ठेवणीतली साडी नेसली आणि दुपारी घडी घालून परत ट्रंकेत ठेवली. आईने बायकांना सांगायला एक बहाणा शोधला होता, की जावयाची शिफ्ट बदलली आहे. बायका समजून असल्यासारखं हं म्हणायच्या. त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

पुढे थंडीत आबांचा मार्केटात ट्रकवरून गोणी उतरवताना पाय सरकला आणि कमरेला मार बसला. ते खाटेला खिळले. ते कळल्यावर एका रविवारी दाजी आले. वाण्याच्या दुकानापाशी त्यांना बघून कुणीतरी आधीच वर सांगितलं होतं, त्यामुळे ते दारात येईपर्यंत आईची धांदल उडालेली. तिने हरभऱ्याची डाळ शिजत टाकली, ताईची पिशवी काढून तिच्या हातात दिली. ताई मोरीत तोंड धुऊन आली ती वेगळीच दिसत होती. मला तिने केसांत पिन लावायला सांगितली. समोरच्या गॅलरीत नेमकी सगळ्यांचीच कपडे वाळत घालायची वेळ झाली.

दाजींनी आबांच्या उशाशी मोसंबी ठेवली, डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, मार्केटातून भरपाई मिळते का याची चौकशी केली. आबा त्यांच्याशी नेहमीपेक्षा मऊ बोलत होते. पुरणपोळीचं जेवण झालं. ताईने वाढलं. दाजींनी एकदा मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि ते बघणं मी पाहिलं आहे. ज्याला काही नको आहे तो माणूस असं बघत नाही. ते बघणं ताईच्या मात्र नजरेला पडलं नाही, ती खाली वाकून तूप वाढत होती.

हात धुऊन ते उठले. स्वयंपाकघराच्या दारात आई नारळ आणि खण ताटात घेऊन उभी. ताई तिच्या शेजारी, पदर सावरून. दाजींना ते ताट दिसलं. आबांची वर उचललेली मान दिसली, समोरच्या गॅलऱ्या दिसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली, खरीखुरी भीती. त्यांनी ताईला विचारलं, “तुला काही लागतंय का?”

ताई म्हणाली, “नाही.”

“येतो मग,” असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेली तरी आईच्या हातातलं ताट तसंच होतं. मी गॅलरीत धावले. ते रस्ता ओलांडून बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. नेरूळकडे जाणारी बस आली, ते चढले नाहीत. दुसरी आली, तिच्यातही नाही. माझ्या लक्षात आलं, ते थांबलेत. इथे रस्त्यावर ताट नाही, आबा नाहीत, आता तिला वाटलं तर ती खाली येईल, असं त्यांना वाटत असणार. मी ताईला ओढत गॅलरीत आणलं, म्हटलं, बघ, तुझ्यासाठी थांबलेत, जा. ती कठडा धरून उभी राहिली. म्हणाली, “एवढ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी त्यांच्या मागे पळत जाऊ? चल एवढंसुद्धा म्हणवलं नाही त्यांना.” दोघं एकमेकांना दिसत होती. मध्ये फक्त एक रस्ता होता आणि भाजीवाल्याची हातगाडी. मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटत होती. मग एक बस येऊन थांबली आणि ती गेली तेव्हा स्टॉप रिकामा होता.

त्या दिवशी ताई रडली नाही. पिशवीतले कपडे काढून तिने ट्रंकेत लावले. पुढच्याच महिन्यात दाणा बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात फोन घ्यायच्या कामाला लागली.

आबा कंबर धरून उठायला लागले तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी सदरा घातला, टोपी घातली. ताईला म्हणाले, चल, मीच न्हेऊन सोडतो. हे म्हणणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. न्यायला कुणी न येता बापाने लेक सासरच्या दारात नेऊन उभी करायची, यापेक्षा खाली मान त्यांच्या जगात नव्हती. ताईने त्यांची टोपी काढून खुंटीला लावली.

“आबा, मला आता कुणी न्यायला येऊ नका आणि कुणी सोडायला येऊ नका,” ती म्हणाली. “मला जायचं नाही.”

हे तिचं स्वतःचं होतं. कुणी भरीला घातलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. दाजींना हवी होती अगदी तशी, पूर्ण स्वतःच्या मर्जीने ती बोलली होती. मला त्या क्षणी त्या विचाराची इतकी चीड आली, की तो मास्तर, ती रविवारची बैठक, सगळं खाडीत नेऊन बुडवावंसं वाटलं.

घटस्फोटाचं बोलणं नातेवाइकांनी सुरू केलं. अशी लटकत ठेवून पोरीचं वाटोळं होईल, असं ते म्हणायचे. ताई म्हणाली, करून टाका. दाजींना वकिलामार्फत विचारलं तर त्यांचं उत्तर आलं, तिला हवं असेल तर माझी आडकाठी नाही. दोघांच्या संमतीने म्हटल्यावर कोर्टात भांडणाचं कारणच उरलं नाही. अर्ज ठाण्याच्या कोर्टात गेला. मध्ये विचार करायला म्हणून कायद्याने जो अवधी दिलेला असतो, तो दोघांनी आपापल्या घरात एकमेकांची वाट बघण्यात घालवला असावा, असं मला वाटतं. विचारलं कुणालाच नाही मी.

शेवटच्या तारखेला आबा आले नाहीत, मी ताईबरोबर गेले. दाजी आधीच येऊन बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, आणि नखांत पिवळा रंग. आत पंखे फिरत होते, आमच्या आधीच्या जोडप्याची भांडाभांडी नुकतीच संपली होती. न्यायाधीश बाई वयस्कर होत्या, थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी ताईला विचारलं, स्वखुशीने वेगळ्या होताय ना? कुणाचा दबाव? ताई म्हणाली, नाही, स्वखुशीने.

मग दाजींना विचारलं. ते म्हणाले, “तिची इच्छा असेल तर माझी हरकत नाही.”

बाई कागदांवर सही करायच्या बेतात होत्या, त्यांनी मान वर केली. “त्यांची इच्छा मी त्यांना विचारली. तुमची काय आहे?”

शिरस्तेदाराने खाकरून त्यांना खूण केली. वकील पुढे झाला. दाजी खाली बघत म्हणाले, “माझी इच्छा नाही. मला ती घरी हवी होती.”

ताईने माझा हात घट्ट पकडला. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, असं असेल तर संमती होत नाही, नीट विचार करून बोला. दाजी एकदम सावरले, आपण काय करून बसलो ते लक्षात आल्यासारखे. घाईघाईने म्हणाले, नाही, संमती आहे. माझ्यामुळे तिला अडकवायचं नाही. पूर्ण संमती आहे, लिहून घ्या. बाईंनी ताईला पुन्हा विचारलं. ताईने मान डोलावून हो म्हटलं. मग सह्या झाल्या.

बाहेर व्हरांड्यात माणसांची गर्दी होती. दाजी बाजूला उभे राहून आम्हाला आधी जाऊ देत होते. ताई त्यांच्यासमोर जाऊन थांबली. इतक्या दिवसांत त्या दोघांना मी एवढं जवळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

“हे तेव्हा का नाही बोललात?” तिने विचारलं.

“तेव्हा बोललो असतो तर तू थांबली असतीस,” दाजी म्हणाले. “माझ्यासाठी थांबली असतीस. आज बोललो तरी तू थांबणार नव्हतीस, म्हणून बोलता आलं.”

ताईचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत.

“अहो, माणसं दुसऱ्या कशासाठी थांबतात?” ती म्हणाली.

दाजी बाकावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागले. आवाज करून, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता. त्या बाळासाठीसुद्धा ते तेव्हाच रडले असतील असं मला वाटतं. ताई त्यांच्या शेजारी बसली. त्यांचा हात तिने धरला नाही, नुसती बसून राहिली. मी जरा लांब उभी होते. पुढच्या जोडप्याचं नाव पुकारलं गेलं, व्हरांडा हळूहळू रिकामा झाला, शिपायाने येऊन सांगितलं की आता जेवणाची सुट्टी झाली, बाहेर व्हा. मग ती दोघं उठली आणि गेटापर्यंत बरोबर चालत गेली.